भिंतीला डोळा

खिडकी नुसती लोटायची होती. तिला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. मी तिच्यासमोर दहा मिनिटं उभी राहिले, लाकडाच्या फटीशी कान नेला, पलीकडे कुठेतरी पाणी पडत असल्याचा आवाज ऐकला आणि हात न लावता पुढे निघून गेले. इटलीतल्या बोलोन्याहून परत येऊन आता चार महिने होतील. भेटणारे विचारतात, काय काय पाहिलंस, आणि मी त्यांना कलते बुरूज सांगते, कमानी सांगते, चर्चमध्ये उतरणारा सूर्य सांगते. खिडकीचं कुणाला सांगितलेलं नाही. रात्री भांडी आवरताना, नाहीतर माडांच्या आळ्यांत पाणी सोडताना ती एकदम डोळ्यांपुढे येते. तांबूस-पिवळ्या भिंतीत छातीच्या उंचीवर बसवलेली ती लहानशी लाकडी झडप, आणि तिच्यासमोर लेकीचा जाड कोट घालून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी असलेली मी.

लेक तिथे शिकते. दिवाळीला येता आलं नाही म्हणून भाऊबीज आटोपल्यावर मीच कडबोळी, चकल्या आणि नेवऱ्यांचे डबे घेऊन निघाले. पोहोचल्यावर दोन दिवस तिने मला खोलीत झोपू दिलं. तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा ती प्रयोगशाळेत निघून गेली होती आणि टेबलावर एक पाकीट होतं. आत शहराचा कागदी नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीने काढलेली आठ वर्तुळं, आणि चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या आठ चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या अक्षरात एक हुमाण. वर अटी लिहिल्या होत्या. फोन पर्समध्ये ठेवायचा. कुणाला विचारायचं नाही. वर्तुळात जायचं, हुमाण सोडवायचं, उत्तर मागच्या बाजूला लिहायचं. शेवटी एकच ओळ होती, मी रात्री तपासीन.

‘तपासीन’ हा शब्द मी दोनदा वाचला. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मीच तो वापरत आले. आणि हुमाण हा शब्द तर आमच्या घरात सासूबाईंबरोबरच गेला असं मी धरून चालले होते. देशावर ज्याला कोडं म्हणतात, काही ठिकाणी उखाणाही म्हणतात, ते आमच्याकडे हुमाण. पावसाळ्यात कुडाळला वीज गेली की सासूबाई पडवीत कंदील टांगायच्या, मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची आणि हुमाणं सुरू व्हायची. तांबडी गाय, लाकूड खाय, पाणी पिताच मरून जाय. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. येत नसेल त्याने ‘हरलंय’ म्हणायचं, तोवर उत्तर मिळायचं नाही. बाहेर कौलांवरून पागोळ्या पडत असायच्या आणि आत कुणीतरी पोर हरायला तयार नसायचं.

पहिली चिठ्ठी अशी होती: भिंतीला डोळा, मिटून बसला, शहराने नदी गिळली, तिथेच ठसका लागला.

वर्तुळ घरापासून पाच मिनिटांवर, व्हिया पिएल्ला नावाच्या अरुंद रस्त्यावर होतं. सकाळचे आठ वाजलेले, थंडी कानांत शिरत होती. एक माणूस छोट्या गाडीतून भाज्यांची खोकी उतरवत होता, दुसरं कुणी नव्हतं. भिंतीला डोळा, म्हणजे खिडकी, हे लगेच लक्षात आलं. मिटून बसला, म्हणजे बंद. तीही सापडली. दुसरी ओळ मात्र मला लागेना. तिथे नदी कुठे होती? दोन्ही बाजूंना घरं, खाली फरसबंदी. पाण्याचा आवाज येत होता, पण तो मला कुणाच्या तरी न्हाणीघराचा वाटला. खोकी उतरवणाऱ्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं. परक्याच्या दाराखिडकीला हात लावू नये, हे मला कुणी शिकवलं ते आठवतही नाही, इतक्या लहानपणी शिकवलेलं आहे. चिठ्ठीच्या मागे मी ‘बंद खिडकी’ असं लिहिलं, अक्षर नीट काढलं आणि दुसऱ्या वर्तुळाकडे वळले.

दुसऱ्या हुमाणाला फार शोधावं लागलं नाही. घराची आहे, घरात नाही. वाटेची आहे, वाटेत नाही. धनी झाडतो, गाव चालतो. उत्तर माझ्या डोक्यावरच होतं. बोलोन्यात माणूस उघड्या आकाशाखाली फारसा चालतच नाही. घरांचे वरचे मजले रस्त्याच्या बाजूला पुढे आलेले, खांबांवर टेकलेले, आणि त्यांच्या खालून लोकांची वाट. इथली भाषा त्याला पोर्तिको म्हणते. सगळे मोजले तर बासष्ट किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. मध्ययुगात विद्यापीठामुळे माणसं वाढली, राहायला जागा पुरेना, तेव्हा लोकांनी घरं वरून पुढे ओढली आणि खाली लाकडाचे टेकू दिले. इतर शहरांनी अशी वाढीव बांधकामं पाडली. बोलोन्याने १२८८ मध्ये उलटा कायदा केला. नवं घर बांधायचं तर पोर्तिको हवाच, जमीन घरमालकाची, डागडुजी त्याचीच, आणि चालायचा हक्क मात्र सगळ्यांचा. पुढे १५६८ मध्ये लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे करायचा हुकूम निघाला, तरी काही लाकडी राहिलेच. स्त्रादा माज्जोरेवरच्या ईझोलानी घराचे ओकचे खांब नऊ मीटर उंच आहेत. त्यांना हात लावला तर आमच्या जुन्या घराच्या फणसाच्या खांबासारखे लागले, बोटांखाली शिरा उठलेल्या, मधेच एक खोल भेग.

प्रत्येक घरापाशी पायाखालची जमीन बदलते. एका घरासमोर संगमरवराच्या कपच्या बसवून घोटलेली गुळगुळीत फरशी, पुढच्या घरासमोर झिजलेल्या विटा, त्यापुढे करडा दगड. एका दारातून कॉफीचा वास, दुसऱ्यातून मंद आचेवर शिजणाऱ्या मांसाचा, तिसऱ्यातून ओल्या कुत्र्याचा. एक बाई आपल्या दारासमोरचा तेवढाच भाग झाडत होती, आणि तिच्या केरसुणीवरून पाय उचलून लोक चालले होते. तिने झाडणं थांबवलं नाही, लोकांनी चालणं थांबवलं नाही. आमची पडवीही अशीच होती. घर आमचं, पण तिथे पोस्टमन टेके, बस चुकलेला शाळकरी मुलगा दप्तर ठेवून बसे, कुणी पाऊस थांबेपर्यंत उभा राही, आणि सासूबाई आतून न विचारता पाण्याचा तांब्या पाठवत. त्या घराचं नूतनीकरण करताना मीच पुढे लोखंडी जाळी बसवून घेतली. गरज होती, चोऱ्या वाढल्या होत्या. चिठ्ठीच्या मागे ‘पडवी’ लिहिलं तेव्हा ती जाळी आठवत राहिली.

तिसऱ्या चिठ्ठीने मला प्यात्सा माज्जोरे या मुख्य चौकाजवळ खूप फिरवलं. पाय आहे, चालत नाही. हात आहे, उचलत नाही. तोंड नाही तरी बाजारातली भांडणं मोडतो. मी चौकातले सगळे पुतळे पाहून झाले. हातपाय असलेला आणि न चालणारा तो नेपच्यूनच, असं वाटून कारंज्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. मग दमून पालात्सो द’अक्कूर्सिओच्या, म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीशी टेकले आणि पाठीला काहीतरी कोरीव लागलं. भिंतीत मापं बसवलेली होती. बोलोन्याचा पाय, म्हणजे अडतीस सेंटिमीटर. बोलोन्याचा हात. शिवाय विटेचं माप आणि कौलाचंही. बाजारात कुणाला संशय आला तर कापड इथे आणून लावायचं, वीट इथे आणून ताडून पाहायची. एवढा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता, मी त्या मापावर तळवा ठेवला आणि नुसती उभी राहिले. आमच्या बाजारातही शेर आणि पायलीवरून भांडणं व्हायची. तांदूळ मोजताना हात आडवा फिरवून माप सपाट करायचं की शीग ठेवायची यावर माझ्या आईने एका दुकानदाराशी कायमचं बोलणं टाकलं होतं. आणि त्या दगडी पायाने सकाळचीही एक गोष्ट उलगडली. पोर्तिको किमान सात पाय उंच हवा असा नियम होता, म्हणजे दोन मीटर सहासष्ट सेंटिमीटर. घोड्यावर बसलेला माणूस मान न वाकवता खालून जावा म्हणून.

तिथून वळले तर शेजारच्याच भिंतीवर चेहरे होते. त्यांच्यासाठी चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी आणि जर्मनांशी लढताना गेलेल्या इथल्या माणसांचे दोन हजारांवर लहान लहान फोटो, प्रत्येकाखाली नाव. शाळेच्या ओळखपत्रावर असतात तसे. कुणी कॉलर नीट केलेला, कुणी हसू दाबणारा, कितीतरी मुली. याच भिंतीशी माणसांना उभं करून गोळ्या घातल्या होत्या, म्हणून पुढे लोकांनीच इथे आपल्या माणसांचे फोटो आणून लावले. बोलोन्या मुक्त झालं २१ एप्रिल १९४५ ला. त्याच्या बारा दिवस आधी, इथून पूर्वेला सेनिओ नदीवर, नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव नावाचा मराठा पलटणीतला शिपाई दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी घेऊन आला. मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि काठावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्यांना हाताने बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या भिंतीवर त्याचा फोटो असायचं कारण नाही, तो जिवंत राहिला आणि तो इथला नव्हता. पण निमजहून निघालेल्या मुलाला ती नदी कशी दिसली असेल, एप्रिलमध्ये, गारठलेली? मी बराच वेळ मुलींचीच नावं वाचत होते.

बारा वाजत आले तशी घाई झाली, कारण चौथ्या चिठ्ठीत वेळ होती. छपराला भोक, घर गळत नाही. रोज बाराला पाहुणा येतो, पाऊल वाजत नाही. सान पेत्रोनिओचं चर्च चौकातच आहे. १३९० मध्ये सुरू केलं आणि दर्शनी भिंत अजून अर्धीच राहिली आहे, खाली गुलाबी-पांढरा संगमरवर, वर उघड्या विटा. आत गेल्यावर थंडीचा आणि मेणाचा वास आला. डावीकडच्या फरशीवर एक पितळी पट्टी तिरकी धावत गेलेली दिसली, सदुसष्ट मीटर लांब. जोवान्नी दोमेनिको कासिनी, ज्याने शनीच्या कड्यांमधली फट पाहिली तोच, त्याने १६५५ मध्ये ही आखली. पृथ्वीच्या परिघाचा बरोबर सहा लाखावा भाग, असं तिचं माप. वर सत्तावीस मीटरवर छताला बोटभर रुंदीचं भोक आहे. ईस्टरची तारीख ठरवायला सूर्याचा हिशेब अचूक हवा होता, म्हणून देवळाच्या छतालाच भोक पाडलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

ऊन जमिनीवर आधीच उतरलेलं होतं. मला वाटलं होतं नाण्याएवढा ठिपका असेल. नोव्हेंबरात सूर्य खाली असतो, त्यामुळे तो लांबट, मुलाला निजवता येईल एवढा मोठा आणि कडेने किंचित थरथरणारा होता. आणि तो चालत होता. डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने, मिनिटाला वीतभर. आम्ही आठ-दहा जण पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभे होतो, कुणी बोलत नव्हतं. पुढची कड पट्टीला लागल्यापासून मागची कड सुटेपर्यंत जेमतेम दोन मिनिटं गेली. माझ्या मनगटावर बाराला दोन मिनिटं कमी होती. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तोंडात शब्द आला, कवडसा. आमच्या स्वयंपाकघरात एक कौल सरकलेलं होतं. त्यातून उतरलेला कवडसा शेणाने सारवलेल्या जमिनीवरून असाच चालायचा, त्यात चुलीचा धूर उभा फिरायचा. सासूबाईंना घड्याळ वाचता येत नसे. “ऊन उंबऱ्यार इला, भात ठेव गो,” असं त्या सांगत, आणि पावसाळ्यापूर्वी कौलं परतणाऱ्या माणसाला ते एक कौल नीट करू देत नसत. मी तेव्हा नवी नवरी, मला ते कौल म्हणजे हेळसांड वाटे. चिठ्ठीच्या मागे मी एकच शब्द लिहिला आणि त्याला दुसरं कुठलंही स्पष्टीकरण जोडलं नाही.

पाचवी चिठ्ठी कोपऱ्यांची होती. पोदेस्ताच्या, म्हणजे जुन्या काळच्या नगरप्रमुखाच्या, वाड्याखाली एक घुमटी चौक आहे, तिथे एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरप्या कोपऱ्यात उभ्या असलेल्याला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, मधून चालणाऱ्यांना काही नाही. माझ्या समोरच्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं. तरी मी भिंतीशी वाकून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. सहावीत ईझोलानी घराच्या छतात रुतलेले म्हणतात ते तीन बाण शोधायचे होते. मान दुखली आणि एकच नक्की दिसला.

सातवीसाठी दोन बुरुजांकडे गेले. उभी असते तोवर वाकडी. ढग आला की पडते, ढग गेला की उठते. असिनेल्ली सत्त्याण्णव मीटर उंच, आणि तिच्या शेजारी अर्ध्याहून थोडी कमी उंचीची, चार अंशांनी झुकलेली गारिसेंदा. बुरुजाला मराठीत पुल्लिंग आहे, पण इटालियनमध्ये ‘तोर्रे’ स्त्रीलिंगी, आणि लेकीने त्यांना बायकाच केलं होतं. गारिसेंदाच्या झुकत्या बाजूला खाली उभं राहून वर पाहावं आणि मागून ढग उलट दिशेने सरकावा, की ती आपल्यावर कोसळते आहे असं वाटतं. कवी दान्तेने हे सातशे वर्षांपूर्वी लिहिलं आहे. मला ते जवळ जाऊन पाहता आलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या हालचालींची काळजी वाटू लागल्यापासून भोवतालचा भाग बंद केलेला आहे, कठडे उभे आहेत. लांबून मी ढगाची वाट पाहिली. आकाश त्या दिवशी निरभ्र होतं. इतकी आजारी बाई एवढ्या वर्दळीत अशी उभी, आणि सगळं शहर आवाज न करता तिला वळसा घालून जात होतं, हे पाहून मला सासूबाईंचे शेवटचे महिने आठवले. आम्ही सगळेच तेव्हा त्यांच्या खाटेभोवतीने असेच हलक्या पावलांनी चालायचो.

आठव्या चिठ्ठीवर हुमाणच नव्हतं. ‘हे मी घातलेलं नाही. सुटलं तर मलाही सांग.’ एवढंच. वर्तुळात मध्ययुगीन वस्तूंचं संग्रहालय होतं आणि आत एक शिळा. तिला लोक बोलोन्याचा दगड म्हणतात. कोरलेलं लॅटिनमध्ये, शेजारी भाषांतर. एलिया लेलिया क्रिस्पिस नावाच्या कुणाचा तरी हा स्मृतिलेख. ती ना पुरुष, ना स्त्री, ना मुलगी, ना तरुण, ना म्हातारी, पण सगळंच. ती ना भुकेने मेली, ना शस्त्राने, ना विषाने, पण सगळ्यांनी. ती ना आकाशात, ना पाण्यात, ना जमिनीत, पण सगळीकडे. आणि ज्याने शिळा उभारली तो तिचा ना नवरा, ना प्रियकर, ना नातलग, आणि ही कुणासाठी उभारली हे त्याला माहीत आहे आणि माहीत नाही. गेली चारशे-साडेचारशे वर्षं विद्वान हे सोडवत आहेत. कुणी म्हणालं आत्मा, कुणी म्हणालं पावसाचं पाणी, कुणी परीस. बोलोन्याच्याच मालवाझियाने १६८३ मध्ये यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि उत्तर दिलं, जन्मायच्या आधीच जिचं लग्न ठरलं आणि जी जन्मलीच नाही अशी मुलगी. कूट अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ही तऱ्हा नवी नाही. मुंगी आणि सूर्य, वांझेचा मुलगा, हे सगळं आपण टाळांच्या ठेक्यावर ऐकलेलं असतं आणि अर्थ लागला नाही म्हणून कुणी उठून गेलेलं नसतं. तरी मी तिथल्या बाकावर अर्धा तास बसले, पेन उघडं ठेवून. मग चिठ्ठी कोरीच पर्समध्ये ठेवली.

रात्री जेवणं झाल्यावर तिने तपासायला घेतलं. खाली वाकून, एक पाय खुर्चीवर घेऊन, हिरव्या पेनाने. पडवीवर बरोबरची खूण केली. कवडसा वाचून थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खूण केली. कोऱ्या चिठ्ठीवरही केली. ‘बंद खिडकी’वर पेन किंचित रेंगाळलं, मग तिथेही तशीच खूण. आठपैकी आठ. मी खूष होऊन झोपले.

शनिवारी ती मोकळी होती. आम्ही रीवा दी रेनो रस्त्याने चाललो होतो आणि ती म्हणाली, “आई, आपण आत्ता पाण्यावरून चालतोय.” बाराव्या शतकापासून या शहरात कालवे होते. रेनो नदीवर कासालेक्क्योला बंधारा घालून पाणी आत आणलेलं, त्यावर धान्याच्या गिरण्या आणि रेशमाच्या चरख्यांची चाकं चालायची. बोलोन्याचं रेशीम लांबवर जायचं. मग गिरण्या संपल्या, कालव्यांना वास येऊ लागला, मोटारींना रस्ते हवे झाले आणि विसाव्या शतकात पाण्यावर झाकण बसलं. पाणी खाली वाहतंच आहे. महिन्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ च्या पुरात, राव्होने नावाचा असाच झाकलेला ओढा रस्त्यावर उसळून लोकांच्या घरांत शिरला होता. ती हे सगळं भरभर, हातवारे करत सांगत होती, आणि बोलता बोलता आम्ही व्हिया पिएल्लामध्ये वळलो.

खिडकीसमोर रांग होती. वीस-पंचवीस माणसं. प्रत्येक जण पुढे येत होता, झडप उघडत होता, वाकून पाहत होता, फोटो काढत होता. आतून उजेड येत होता, न्हाणीघराचा नव्हे, आकाशाचा. लेक बोलायची थांबली नाही. पुढच्या चौकात आइस्क्रीमचं चांगलं दुकान आहे म्हणाली. मी रांगेकडे पाहिलं हे तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मला कळलं. दोघीही चालत राहिलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिने खूण का केली असेल? मला वाईट वाटू नये म्हणून? म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं तसं? ते मला बोचलं. की तिला खरंच वाटलं होतं की भिंतीला डोळा मिटलेला आहे असं चिठ्ठीत लिहिल्यावर बंद खिडकी हेही उत्तरच झालं? मग वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली, आणि आधी कधी आठवली नव्हती इतकी लख्ख आठवली. ती सहा-सात वर्षांची असेल. सासूबाईंनी हुमाण घातलं होतं, काळ्या घोड्यावर पांढरी स्वारी, एक उतरला की दुसऱ्याची तयारी. ती लगेच म्हणाली, रात्र आणि चांदोबा! एक चांदोबा उतरला की दुसऱ्या रात्री दुसरा बसतो. मी आत भाकऱ्या थापत होते. तिथूनच ओरडले, चूक, तवा आणि भाकरी. सासूबाई म्हणाल्या, “चेडवाचा काय चुकूक नाय गो.” मी पिठाचे हात घेऊन दारात आले आणि म्हटलं, असं कसं, हुमाणाला उत्तर एकच असतं, नाहीतर ती शिकणार काय. लेक गप्प बसली. पुढच्या हुमाणाला तिने तोंड उघडलं नाही. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली होती, तो वास मला त्या परक्या खोलीत, अंधारात, खरोखर आला. तिला हे आठवत असेल का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

परतीचा दिवस सोमवार होता. पाव आणते असं सांगून साडेसातला खाली उतरले. धुकं होतं, दिवे अजून जळत होते. व्हिया पिएल्लामध्ये कुणी नव्हतं. मी हातमोजा काढला आणि झडप लोटली.

ती अगदी सहज उघडली. खाली पाणी होतं. फार नव्हतं, हिरवट-तपकिरी, आणि पलीकडे कुठेतरी पायरीवरून पडल्याचा तोच आवाज. दोन्ही बाजूंनी घरांच्या पाठी सरळ पाण्यातून वर उठलेल्या, गेरूच्या आणि हळदीच्या रंगाच्या, ओलीचे चट्टे पडलेल्या. कुठे कुंड्या, कुठे वाळत घातलेली चादर, एका गजाला उलटं टांगलेलं फडकं. समोरून पाहिलेल्या शहरापेक्षा हे शहर वेगळं होतं. हे त्याचं मागीलदार होतं. आमच्याही मागीलदारी विहिरीकडून येणारा पाट असाच भिंतीला घासून जातो, असाच शेवाळाचा गार वास येतो, आणि पाहुण्याला आम्ही तिथवर सहसा नेत नाही. एका खिडकीत दिवा लागला, कुणीतरी पडदा ओढला. मी थंड चौकटीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिले, बोटं बधिर होईपर्यंत.

मागे पावलं वाजली. कॉलेजातली वाटावीत अशी दोन मुलं, पाठीवर सॅक, अदबीने चार हात लांब थांबलेली. मी बाजूला झाले. खिडकी त्यांच्यासाठी उघडीच ठेवणार होते. मग थांबले, आणि झडप पुन्हा लोटून घेतली.